जांभळ्या पेनाची निवडणूक: सत्यजित तांबे आणि तीन आठवड्यांचं मौन

नाशिक महापालिकेच्या जानेवारी २०२६ च्या मतदानाला आठवडा उरला होता. सिडकोतल्या एका तरुण उमेदवाराच्या घरी रात्री अकराला बैठक बसली. पोराचं वय तीस-एकतीस. ऐनवेळी पक्ष बदलून तिकीट मिळवलं म्हणून प्रभागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर त्याची यथेच्छ धुलाई चालली होती. मी अशा मंडळींना पत्रकं लिहून देतो, म्हणून मलाही बोलावणं आलं होतं. मी म्हटलं, उद्या सकाळी साधं पत्रक काढू, का गेलास ते चार ओळींत सांगून टाकू. तो म्हणाला, "नको काका. सत्यजित तांबेंनी काय केलं? किती शिव्या खाल्ल्या, पण उत्तर दिलं नाही. निकाल लागल्यावर बोलले. आपणही तसंच करू." खोलीतल्या सगळ्यांना ते पटलं. चहाची दुसरी फेरी आली आणि माझं पत्रक तिथेच बारगळलं.

हा दाखला मी तीन वर्षांत बऱ्याच तरुण उमेदवारांच्या तोंडून ऐकला आहे. नाशिक विभागात त्याची दंतकथाच झाली आहे म्हणा. पण दंतकथेत नेमकी तीच माहिती गळालेली असते, जिच्यामुळे ती गोष्ट घडली. म्हणून तांबेंच्या २०२३ च्या पदवीधर निवडणुकीचं ते सगळं प्रकरण एकदा नीट मांडून ठेवतो.

आधी मतदारसंघ कळला पाहिजे

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यातल्या सात पदवीधरांच्या, म्हणजे जिथे फक्त नोंदणी केलेले पदवीधर मत देतात अशा. नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघ म्हणजे नाशिक, जळगाव, धुळे, नंदुरबार आणि तेव्हाचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर, असे पाच जिल्हे. अक्कलकुव्याच्या डोंगरातला शिक्षक आणि पार कर्जत-जामखेडकडचा वकील एकाच उमेदवाराला मत देतात. जवळपास आठ लोकसभा मतदारसंघ मावतील एवढा प्रदेश आणि मतदार मात्र २ लाख ६२ हजारांच्या आसपास. नाशिक शहरात फिरणाऱ्या माणसाला ही निवडणूक चालू आहे हे बऱ्याचदा कळतही नाही. बॅनर कमी, सभा जवळजवळ नाहीतच. सगळा कारभार शाळांच्या स्टाफरूममध्ये, वकिलांच्या बार रूममध्ये, संस्थांच्या कार्यालयांत आणि फोनवर.

इथे २००९ पासून आमदार होते संगमनेरचे डॉ. सुधीर तांबे. काँग्रेसचे ज्येष्ठ नेते बाळासाहेब थोरात यांचे मेहुणे. त्यांच्या पत्नी दुर्गाताई या थोरातांच्या भगिनी आणि संगमनेरच्या माजी नगराध्यक्ष. त्यांचा मुलगा सत्यजित, जन्म १९८३ चा. विद्यार्थी संघटनेतून वर आलेला, जिल्हा परिषदेत काम केलेला, २०१४ ला अहमदनगर शहरातून विधानसभा लढवून हरलेला, २०१८ ते २०२२ प्रदेश युवक काँग्रेसचा अध्यक्ष. त्या वेळी वय ३९. आपल्याकडे राजकारणात माणूस पन्नाशीपर्यंत तरुणच असतो, त्यामुळे 'युवा नेते' हे बिरूद शाबूत होतं.

१२ जानेवारी २०२३

पाच जागांची निवडणूक एकाच वेळी लागली होती: नाशिक आणि अमरावती पदवीधर, नागपूर, औरंगाबाद आणि कोकण शिक्षक. अर्ज भरायची शेवटची तारीख १२ जानेवारी. योगायोग असा की तोच विवेकानंद जयंतीचा, म्हणजे राष्ट्रीय युवा दिनाचा दिवस. काँग्रेसने डॉ. सुधीर तांबे यांचं नाव जाहीर केलेलं. नाशिकरोडच्या विभागीय आयुक्तालयात बापलेक दोघेही आले. वडिलांनी अर्ज भरलाच नाही. मुलाने भरला. पक्षाचा एबी फॉर्म त्याच्या नावाचा नव्हता, म्हणून तो अपक्ष ठरला.

एबी फॉर्म हे प्रकरण जरा समजून घ्यायला हवं, कारण पुढे सगळं महाभारत त्यावरच घडलं. 'ए' फॉर्मवर पक्ष सांगतो, आमच्या वतीने उमेदवार ठरवण्याचा अधिकार अमुक माणसाला आहे. 'बी' फॉर्मवर तो माणूस लिहितो, आमचा उमेदवार अमुक. 'बी'मध्ये आणखी एक रकाना असतो: मूळ उमेदवाराचा अर्ज बाद झाला किंवा त्याने माघार घेतली, तर पर्यायी उमेदवार कोण? दोन्ही फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याच्या हातात पडले पाहिजेत. तीन वाजून पाच मिनिटांनी आणलेल्या कागदाची किंमत रद्दीची. डिसेंबर २०२५ अखेरीस महापालिकेच्या वेळी याच कागदापायी नाशिकमध्ये काय पळापळ झाली ते शहराने पाहिलंच आहे. त्या पर्यायी रकान्यात सत्यजित यांचं नाव असतं, तर या प्रकरणाची गरजच उरली नसती.

त्या दिवशी सुधीर तांबे म्हणाले, तरुण नेतृत्वाला संधी मिळावी म्हणून आपण थांबलो. सत्यजित यांनी सांगितलं की आपण सर्वच पक्षांकडे पाठिंबा मागणार आहोत, भाजपच्या नेत्यांकडेही. आणि भाजपने नाशिकमध्ये उमेदवारच दिलेला नव्हता. दुपारी चारपर्यंत राज्यभरच्या वाहिन्यांना दोन अधिक दोन करायला एवढं पुरेसं होतं.

टीका

तिला तीन तोंडं होती आणि तिन्ही वेगवेगळी होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहिली गद्दारीची. पक्षाने विश्वासाने उमेदवारी दिली, बापाने शेवटच्या तासात ती पायदळी तुडवली, हा दगा आहे. प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांची भूमिका हीच होती. सुधीर तांबे निलंबित झाले, पाठोपाठ सत्यजितही, सहा वर्षांसाठी.

दुसरी, भाजपशी आतून हातमिळवणी केल्याची. हिला डिसेंबरमधला एक प्रसंग आयता मिळाला. सत्यजित यांनी मराठीत आणलेल्या एका पुस्तकाच्या प्रकाशनाला देवेंद्र फडणवीस आले होते, मंचावर थोरातही होते. फडणवीसांनी थोरातांना उद्देशून हसत हसत असं सुचवलं की अशा माणसाला फार दिवस बाहेर ठेवू नका, नाहीतर आमचा डोळा जातो. त्या दिवशी सभागृह हसलं होतं. महिनाभरानंतर तीच चित्रफीत पुरावा म्हणून फिरू लागली. भाजपने अधिकृत पाठिंबा शेवटपर्यंत जाहीर केला नाही. स्थानिक कार्यकर्त्यांनी तांबेंच्या मागे उभं राहायचं ठरवलंय, एवढंच मतदानाच्या तोंडावर राधाकृष्ण विखे पाटलांकडून कळलं. थोरातांचं संगमनेर आणि विखेंची लोणी यांचं पिढ्यांचं वैर ज्याला ठाऊक आहे, त्याला विखेंच्या तोंडून थोरातांच्या भाच्यासाठी हे वाक्य ऐकताना काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

तिसरी टीका घराणेशाहीची. आजोबा भाऊसाहेब थोरात सहकारातले मोठं नाव, मामा माजी मंत्री, वडील आमदार, आई माजी नगराध्यक्ष. आता वडिलांची खुर्ची थेट मुलाला. माझ्या मते तिन्हींत सगळ्यात खरी आणि खोल जाणारी टीका हीच. पहिल्या दोन टीका राजकारण्यांच्या आपसातल्या होत्या. ही मात्र सामान्य पदवीधराच्या मनातली होती. स्पर्धा परीक्षा देऊन देऊन केस पिकलेल्या मुलाला 'तरुणांना संधी' हे वाक्य बापाकडून मुलाकडे जाताना दिसलं, तर त्याच्या पोटात कालवणारच.

आणि ही टीका मांडायला माणूस मिळालाही. धुळ्याच्या शुभांगी पाटील. शिक्षकांच्या प्रश्नांवर काम केलेल्या, काही काळापूर्वीच भाजपमध्ये गेलेल्या, तिथून उमेदवारी न मिळाल्याने अपक्ष उभ्या राहिलेल्या. १६ जानेवारीला, माघारीच्या दिवशी, त्यांचा फोन लागत नव्हता. त्यांनी माघार घेऊ नये म्हणून एका बाजूला धावपळ, घ्यावी म्हणून दुसऱ्या बाजूला. त्यांनी घेतली नाही. मतदानाला दहा-बारा दिवस राहिले असताना महाविकास आघाडीने त्यांना पाठिंबा दिला. म्हणजे काँग्रेस स्वतःच्या जागेवर ठाकरे गटाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या उमेदवाराचा प्रचार करत होती, कालपर्यंतच्या आपल्याच युवक अध्यक्षाविरुद्ध.

थोरात स्वतः या सगळ्यात कुठेच दिसत नव्हते. डिसेंबरअखेर नागपूरच्या अधिवेशनात पडून त्यांच्या खांद्याला दुखापत झाली होती, ते मुंबईत रुग्णालयात. अजित पवारांनी जाहीरपणे सांगितलं की काहीतरी वेगळं शिजतंय याची कल्पना आपण थोरातांना आदल्या दिवशीच दिली होती. या वाक्याने मामाची अवस्था आणखी कठीण झाली. मामाला माहीत होतं म्हणावं तर पक्षाशी दगा, माहीत नव्हतं म्हणावं तर घरातच पकड नाही.

मौन

आता मुद्द्याचं. "उत्तर दिलं नाही" हे आमच्या सिडकोच्या पोराचं म्हणणं अर्धंच खरं आहे. सत्यजित तांबे त्या तीन आठवड्यांत भरपूर बोलले: जुन्या पेन्शनवर, बेरोजगारीवर, शिक्षकांच्या प्रश्नांवर. पाच जिल्हे पालथे घातले. बोलले नाहीत ते फक्त एका प्रश्नावर: १२ तारखेला नेमकं काय झालं? त्यावर ठरलेलं उत्तर एकच होतं, योग्य वेळी बोलेन.

हे आणि गप्प बसणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. गप्प बसलेल्या माणसाबद्दल लोक म्हणतात, याच्याकडे उत्तर नाही. 'योग्य वेळी बोलेन' म्हणणाऱ्याबद्दल म्हणतात, याच्याकडे काहीतरी आहे. संशय दोन्हीकडे असतोच, पण दुसऱ्या वेळी तो थोडा समोरच्याकडेही सरकतो. पत्रकारांना रोज प्रश्न विचारावासा वाटतो आणि रोज विचारला जाणारा प्रश्न हीसुद्धा एक प्रसिद्धीच.

टीकेला तीन तोंडं होती म्हणालो ना, त्याचाही फायदा झाला. पटोले म्हणत होते पक्षाशी दगा, कुणी म्हणत होतं भाजपचा डाव, कुणी म्हणत होतं घरातलीच भांडणं. तांबेंनी यातल्या एकालाही उत्तर दिलं असतं, तर बाकी दोघांनी त्या उत्तराला धरून आपली रेघ मोठी केली असती. उत्तरच नव्हतं, त्यामुळे तिघे तीन दिशांना ओढत राहिले. आणि तोवर वाद 'काँग्रेसमधला घोळ' या सदरात जाऊन पडला होता. त्या सदरात एखादी गोष्ट गेली की मराठी वाचक पान उलटतो.

तरी मी हे मौन पूर्ण पास करणार नाही. वडिलांना एकटंच पुढे राहावं लागलं. ज्या माणसाने पंधराएक वर्षं हा मतदारसंघ बांधला, त्याच्या कारकिर्दीचा शेवटचा महिना निलंबित म्हणून गेला. मुलाकडे, त्याच्याच नंतरच्या सांगण्यानुसार, कागद होते. मग ते १३ तारखेला नाशिकच्याच पत्रकार परिषदेत टेबलावर ठेवले असते तर? कदाचित मतं कमी झाली असती. कदाचित वडिलांचं नाव वाचलं असतं. ही निवड त्यांनी केली आणि तिचं मोजमाप फक्त मतांच्या आकड्याने करायचं हे मला पटत नाही.

पण निवडणूक जिंकली ती यादीने

इथेच त्या दंतकथेतला गळालेला भाग आहे.

पदवीधर मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते. सहा वर्षांपूर्वी तुमचं नाव होतं याला काही अर्थ नाही. १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख धरून, त्याआधी किमान तीन वर्षं पदवी हातात असलेल्या माणसाने नमुना १८ चा अर्ज पुन्हा भरायचा. सोबत पदवीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, रहिवासाचा पुरावा, फोटो. आता सांगा, कोणता पदवीधर आपणहून उठून तहसील कचेरीत जाऊन हा उपद्व्याप करतो? अगदी मोजके. बाकीचे अर्ज भरून घेतले जातात. भरून घेणारा असतो एखादा कार्यकर्ता, संस्थेचा लिपिक, कॉलेजचा प्राध्यापक. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्याच सोसायटीत एक मुलगा अर्जांचं बाड आणि स्टेपलर घेऊन तीन संध्याकाळी फिरत होता. कुणाचं पदवी प्रमाणपत्र माळ्यावरच्या ट्रंकेत, कुणाचं गावाला, कुणाच्या मार्कशीटवर लग्नाआधीचं नाव. तो प्रत्येकाच्या दारात उभा राहून झेरॉक्स काढून आणायचा, सही घ्यायचा, पुढच्या दारात. त्याने कुणालाही मत मागितलं नाही. मागायची गरजच नव्हती. ज्याने तुमच्यासाठी माळ्यावर चढून ट्रंक काढली, त्याचा जानेवारीत फोन आला की तुम्ही काय सांगणार?

या मतदारसंघात ज्याने नोंदणी केली त्याचं मत, हे इथले जुने कार्यकर्ते सरळ सांगतात. डिसेंबरअखेर अंतिम यादी लागली तेव्हा एकट्या अहमदनगर जिल्ह्यात सुमारे १ लाख १५ हजार मतदार होते. नाशिक जिल्ह्यात ६९ हजारांच्या वर. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही मिळून ७७ हजारांच्या आसपास. नाशिक जिल्हा लोकसंख्येने नगरपेक्षा मोठा आहे, इथे विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, मुक्त विद्यापीठ आहे, कारखाने आहेत, वकिली आहे. तरी पदवीधरांच्या यादीत नगर नाशिकच्या दीडपटीहून पुढे. नगरमध्ये पदवीधर जास्त आहेत म्हणून नाही. नगरमध्ये, आणि त्यातही संगमनेरच्या बाजूला, संस्थांचं आणि माणसांचं जाळं आहे म्हणून.

म्हणजे १२ जानेवारीला वाहिन्यांवर आरडाओरड सुरू झाली, तेव्हा मतदार कोण हे ठरून दोन आठवडे झाले होते. ती यादी बरीचशी तांबेंच्या माणसांनी तांबेंसाठीच भरलेली होती. काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी ज्यांचे अर्ज भरून घेतले, त्यांना नोव्हेंबरमध्ये 'डॉक्टरसाहेबांसाठी' सांगितलेलं. जानेवारीत तोच कार्यकर्ता 'आता डॉक्टरसाहेबांच्या मुलाला देऊ नका' हे सांगायला पुन्हा त्याच दारात कुठल्या तोंडाने जाणार? टीका राज्यभर ऐकू गेली. ती ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण मतदारच नव्हते.

आणखी एक बारीक गोष्ट, जी आमच्या धंद्यातलेही विसरतात. विधान परिषदेच्या मतपत्रिकेवर चिन्ह नसतं. विधानसभेला काँग्रेसचा उमेदवार अपक्ष झाला की पंजा जातो, आणि पंजासोबत डोळे मिटून पंजा दाबणारी मतंही जातात. इथे जायला चिन्हच नव्हतं. यंत्रही नसतं. मतपत्रिका, उमेदवारांची नावं आणि समोर रिकामा चौकोन. आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनानेच तिथे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. आकडा मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, रोमन लिहा, चालतो. पण 'एक' असं अक्षरात लिहिलं की मत बाद. बरोबरची खूण केली, बाद. खिशातलं निळं पेन काढलं, बाद.

३० जानेवारीला सुमारे निम्म्या मतदारांनी मतदान केलं. २ फेब्रुवारीला मोजणी. १२,९९७ मतं बाद निघाली, म्हणजे दर दहातलं एक. सगळे पदवीधर, बरं का. प्राध्यापकांच्या या मतदारसंघाची मतपत्रिकेवरची उत्तरपत्रिका एकदा बघण्यासारखी असते. उरलेल्या वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, म्हणजे ५८,३१० हा जिंकण्याचा कोटा ठरला. सत्यजित तांबे यांना पहिल्या पसंतीचीच ६८,९९९ मतं पडली. शुभांगी पाटील यांना ३९,५३४. फरक २९,४६५. दुसऱ्या पसंतीची मतं मोजायची वेळच आली नाही.

या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहावं असं मला वाटतं. तांबेंना वैध मतांतली ५९ टक्के मिळाली, हा दणदणीत विजय आहे. पण दीड आठवड्यापूर्वी आघाडीचा पाठिंबा मिळालेल्या, अहमदनगरमध्ये फारसं कुणी ओळखत नसलेल्या धुळ्याच्या उमेदवाराला दुसऱ्याने भरलेल्या यादीतून ३९ हजार मतं मिळतात, म्हणजे टीका पोकळ गेली असं म्हणता येत नाही. तिसरं तोंड, घराणेशाहीचं, त्याने काम केलं. त्याला वेळ आणि यादी मिळाली नाही इतकंच.

एका तरुण सहकाऱ्याचं त्याच दिवसांत अपघाती निधन झालं होतं. तांबेंनी विजयाची मिरवणूक काढली नाही, गुलाल उधळला नाही.

४ फेब्रुवारी

दोन दिवसांनी नाशिकमध्येच पत्रकार परिषद झाली. 'योग्य वेळ' आली होती. तांबेंनी सांगितलं की प्रदेश कार्यालयाकडून आलेले एबी फॉर्म चुकीचे होते, एक औरंगाबाद आणि एक नागपूर शिक्षक मतदारसंघाचा. नंतर आलेल्या फॉर्मवर वडिलांचं नाव होतं आणि पर्यायी उमेदवाराच्या रकान्यात 'निरंक' लिहिलेलं होतं. हे सगळं थोरातांना अडचणीत आणण्यासाठी आणि आपल्या कुटुंबाला पक्षातून घालवण्यासाठी रचलं गेलं, असा त्यांचा आरोप होता. प्रदेश काँग्रेसने तो फेटाळला आणि योग्य फॉर्म वेळेत दिले होते असं सांगितलं. कागदांबद्दल कोण खरं, याचा निवाडा मी इथे करणार नाही. मी फक्त प्रचाराचा माणूस म्हणून बघतो: तीन आठवडे जपून ठेवलेली गोष्ट जिंकल्यानंतर सांगितली, तेव्हा खोली कॅमेऱ्यांनी भरली होती. हरले असते तर? हेच कागद, हेच शब्द, आणि समोर चार खुर्च्या. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर एक रकाना आला असता, मथळा असता 'पराभवानंतर तांबेंचे पक्षावर खापर'.

त्याच पत्रकार परिषदेत ते म्हणाले, अपक्ष म्हणून निवडून आलोय, अपक्षच राहीन. याचं बरंच कौतुक झालं. वास्तविक दुसरा रस्ताही फारसा नव्हता. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, अपक्ष निवडून आलेला सदस्य नंतर कुठल्याही पक्षात गेला, तर त्याचं सदस्यत्व जातं. काँग्रेसमध्ये परतले असते तरी तेच, भाजपमध्ये गेले असते तरी तेच. कायद्याने जे करता येत नाही ते तत्त्व म्हणून सांगणं, ही राजकारणातली जुनी आणि निरुपद्रवी कला आहे. त्यात तांबेंना वेगळा दोष देण्याचं कारण नाही.

पण बिल आलंच, फक्त दुसऱ्याच्या पत्त्यावर. पुढच्या दोन-तीन दिवसांत थोरात पहिल्यांदा बोलले. झाल्या प्रकाराने व्यथित असल्याचं सांगितलं. पटोलेंबरोबर काम करणं कठीण झाल्याचं त्यांनी दिल्लीला कळवल्याच्या बातम्या आल्या, आणि ७ फेब्रुवारीला, त्यांच्या वाढदिवशीच, विधिमंडळ पक्षनेतेपदाच्या राजीनाम्याची. भाच्याच्या मौनाचा सगळ्यात जास्त ताण कुणावर आला असेल तर तो या माणसावर. तीन आठवडे सगळा महाराष्ट्र मामाकडे उत्तर मागत होता आणि मामा प्लास्टरमध्ये होता.

मग सिडकोच्या पोराचं काय

त्या रात्री मी त्याला हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, बाबा रे, तांबेंची यादी त्यांच्या माणसांनी भरलेली होती. तुझ्या प्रभागाची यादी निवडणूक आयोगाची आहे, त्यात अठरा वर्षांवरचा प्रत्येक जण आहे, जे तुला ओळखतही नाहीत ते आहेत. तांबेंच्या मतपत्रिकेवर चिन्ह नव्हतं. तुझ्या यंत्रावर आहे आणि ते कालपर्यंत तू ज्याला शिव्या घालत होतास त्याचं आहे. तांबेंवरची टीका मुंबईत बसून केलेली होती. तुझ्यावरची टीका तुझ्याच गल्लीतला दूधवाला करतोय, जो उद्या सकाळी सहाला पन्नास घरी जाणार आहे. वाहिनीवाल्याला 'योग्य वेळी बोलेन' म्हणता येतं. दूधवाल्याला कसं म्हणणार?

त्याचा मोठा भाऊ म्हणाला, "काका, तुम्हाला पत्रकाचे पैसे मिळणार म्हणून म्हणताय." सगळे हसले, मीही हसलो. थोडं खरं होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी घरी बसून ते पत्रक तरी लिहून ठेवलं. पहिली ओळ अशी होती: 'होय, मी पक्ष बदलला. पंधरा वर्षं काम करून तिकीट नाकारलं गेलं, याचा मला राग आला होता.' मला अजून वाटतं, ही ओळ वाचून निदान काही घरांत 'खरं बोलला बुवा' एवढं तरी म्हटलं गेलं असतं. ती छापली गेली नाही. तो आठवडाभर हसतमुखाने हात जोडत फिरला आणि कुणी विचारलं की 'वेळ आल्यावर सांगतो' म्हणाला.

१६ जानेवारीला मोजणी झाली. तो पडला. गप्प राहिल्यामुळेच पडला असं मी म्हणणार नाही; चार जणांच्या पॅनेलमध्ये एकाच्या पडण्याला दहा कारणं असतात, आणि त्याच्या पॅनेलमधल्या बाकीच्यांनीही त्याला किती ओढलं हा वेगळा विषय आहे.

रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला. "काका, आता बोलू का?"